कालवे बघून गेलेला डीकिन

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या करिअर पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या शिक्षणावर पानभर मजकूर आला होता, त्यात एका चौकटीत डीकिन युनिव्हर्सिटीचं नाव "ऑस्ट्रेलियाचे दुसरे पंतप्रधान व शिक्षणप्रेमी नेते आल्फ्रेड डीकिन यांच्यावरून" पडलं असं लिहून माणूस एका ओळीत उरकून टाकलाय. माझा भाचा पुढच्या वर्षी तिथेच चाललाय म्हणून चौकट दोनदा वाचली आणि राहवलं नाही. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, त्यामुळे डीकिन हे नाव मला युनिव्हर्सिटीच्या आधीपासून माहितीये, ते पाण्यामुळे.

हा माणूस मूळचा वकील, पण वकिली चालेना म्हणून मेलबर्नच्या 'द एज' पेपरात लिहायला लागला. मालक डेव्हिड साईम, त्यानेच त्याला राजकारणात ढकललं. १८७९ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधानसभेत निवडून आला, वय बावीस. मतदानाच्या दिवशी एका केंद्रावर मतपत्रिका संपल्या होत्या आणि काही लोकांना मत देता आलं नव्हतं, तर या बाबाने सभागृहातल्या पहिल्याच भाषणाच्या शेवटी राजीनामा देऊन टाकला! पोटनिवडणूक हरला, पुढचीही हरला, मग १८८० मध्ये परत आला. आता असं कोणी करेल का हा प्रश्न मी विचारत नाही, उत्तर सगळ्यांना माहितीये.

पुढे मंत्री झाल्यावर दुष्काळाच्या भागात पाणी कसं न्यायचं हे बघायला तो कॅलिफोर्नियाला गेला, तिथून आल्यावर १८८६ चा सिंचन कायदा केला. आमच्या खात्यातल्या माणसाला या कायद्याची किंमत लगेच कळते, कारण इंग्लंडची पद्धत अशी की नदीकाठी ज्याची जमीन त्याचा पाण्यावर हक्क, आणि डीकिनने ते मोडून नदीचं पाणी सरकारचं केलं, म्हणजे काठावरचा बडा जमीनदार पाणी अडवून बसणार आणि लांबचा टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी कोरडा राहणार हे कायद्याने तरी बंद. रब्बीचं आवर्तन सुटलं की रात्री टॉर्च घेऊन चारीवर, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या छोट्या कालव्यावर, फिरलेल्या माणसालाच माहीत की टेलला पाणी पोचवणं म्हणजे काय. कॅलिफोर्नियातले चॅफी बंधू त्याच्याच ओळखीने मरे नदीवर मिल्डुराला आले आणि पंपाने पाणी उपसून फळबागा उभ्या केल्या. १८९० च्या दशकातल्या मंदीत त्यांची कंपनी बुडाली, मातीच्या चाऱ्या पाझरायच्या आणि त्यात यॅबी नावाचे खेकड्यासारखे प्राणी बिळं पाडायचे. आपल्याकडे तिवरे धरण फुटल्यावर ते खेकड्यांनी पोखरलं असं सांगितलं गेलं तेव्हा सगळे हसले होते, मी मात्र मिल्डुरा आठवत बसलो होतो (तिवऱ्याचं खापर खेकड्यांवर फोडता येतं असं मला म्हणायचं नाहीये, हे आधीच सांगतो).

१८९०-९१ मध्ये सरकार पडून हात मोकळे झाल्यावर 'द एज'ने त्याला भारतात पाठवलं, कालवे बघायला. त्यावर १८९३ मध्ये त्याची दोन पुस्तकं आली, एक 'इरिगेटेड इंडिया' आणि दुसरं इथल्या देवळांवर आणि कबरींवर. पाण्याचा हिशोब करायला आलेला माणूस देवळांवर आख्खं पुस्तक लिहितो म्हणजे त्याला इथलं काहीतरी भावलंच असणार. तो आत्म्याबित्म्यांवर विश्वास ठेवणारा होता, थिऑसॉफिकल सोसायटीतही काही काळ होता.

आता पुढचं ऐका. सहा वेगळ्या वसाहतींचा एक देश करण्यात तो सगळ्यात पुढे होता, १९०० मध्ये लंडनला जाऊन ब्रिटिश सरकारशी घासाघीस केली आणि काम फत्ते झाल्यावर खोलीत कोणी नाही बघून तो, बार्टन आणि किंग्स्टन असे तीन मोठे पुढारी हातात हात धरून फेर धरून नाचले, हे त्यानेच लिहून ठेवलंय. १९०१ मध्ये देश झाला, बार्टन पंतप्रधान, डीकिन अॅटर्नी जनरल. आणि लगेच त्याच वर्षी परक्यांना रोखायचा कायदा आला. त्यात काळा-गोरा असा शब्द कुठेच नाही, फक्त बंदरावर उतरणाऱ्याला अधिकाऱ्याने युरोपातल्या कुठल्याही भाषेत पन्नास शब्द सांगायचे आणि ते त्याने बरोबर लिहून दाखवायचे. भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार, म्हणजे इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायची. १९०९ नंतर ही परीक्षा ज्याला द्यायला लावली तो एकही माणूस पास झाला नाही. १९०५ मध्ये जपानला राग आला म्हणून "युरोपातली" हा शब्द काढून टाकला, तेव्हा पंतप्रधान डीकिनच होता, पण परीक्षा थेट १९५८ पर्यंत चालू राहिली.

मला खटकतं ते वेगळंच. संसदेत तेव्हा बाकीचे लोक आशियातली माणसं घाण, हलकी वगैरे बोलत होते आणि डीकिनने सांगितलं की यांचे दुर्गुण नाही, यांचे गुण आपल्याला धोकादायक आहेत, यांची न संपणारी मेहनत, नवीन काम शिकायची तयारी, सोसायची ताकद आणि कमी पैशात भागवणं. म्हणजे शेतात राबणारी आपली माणसं त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिली होती, त्यांची किंमत त्याला कळली होती आणि कळली म्हणूनच दार लावून घेतलं. अडाण्याने लावलं असतं तर एवढं लागलं नसतं.

आणि त्याच माणसाच्या काळात गोऱ्या कामगाराला काय मिळालं बघा. जो कारखानदार रास्त पगार देईल त्याला अबकारी माफ असा कायदा त्याने १९०६ मध्ये केला, त्यावरून १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ठरवलं की साध्या मजुरालाही बायको आणि तीन पोरांसकट माणसासारखं जगता येईल एवढा, म्हणजे दिवसाला सात शिलिंग पगार पाहिजे. वरच्या कोर्टाने पुढच्या वर्षी तो कायदा उडवला पण हिशोबाची ती पद्धत टिकली. १९०८ मध्ये म्हातारपणाची पेन्शन आली, त्यातूनही आशियाई वगळलेले. ऑस्ट्रेलियातल्या भारतीयांना मताचा हक्क मिळायला १९२५ उजाडलं, आणि त्यासाठी १९२२ मध्ये तिथे जाऊन बोलले ते श्रीनिवास शास्त्री, म्हणजे पुण्याच्या भारत सेवक समाजात गोखल्यांच्या नंतर अध्यक्ष झालेले. पुरवणीला चौकटच हवी होती तर ही का नाही केली?

आपण पेपरवाले, म्हणून एक खास तुमच्यासाठी. १९०१ पासून लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राजकारणावर एक निनावी बातमीदार पत्रं लिहायचा, तो म्हणजे डीकिन! मंत्री असताना, पंतप्रधान असतानासुद्धा, पैसे घेऊन, आणि त्यात अधूनमधून डीकिन नावाच्या पुढाऱ्याला चिमटे पण काढायचा. त्याच्या हयातीत वाचकांना पत्ता नव्हता.

तीनदा पंतप्रधान झाला पण पहिल्या दोन्ही वेळी स्वतःचं बहुमत नाही, सभागृहात तीन पक्ष जवळपास सारखे, म्हणून १९०४ मध्ये वैतागून म्हणाला होता की मैदानात दोनाच्या जागी तीन टीम असतील तर क्रिकेट कसं खेळणार. आधी मजूर पक्षाच्या टेकूवर राज्य केलं आणि १९०९ मध्ये ज्यांच्याशी जन्मभर भांडला त्यांच्याशीच युती करून परत खुर्चीवर बसला. त्याचाच जुना सहकारी विल्यम लाईन सभागृहात "ज्यूडास, ज्यूडास" (येशूला दगा देणारा शिष्य) ओरडला, तर मजूर पक्षाचे ह्यूज म्हणाले की हा ज्यूडासवर अन्याय आहे, त्याने दगा दिलेल्या माणसाचं तोंड तरी बांधलं नव्हतं आणि नंतर स्वतःला फास तरी लावून घेतला. आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं काल घडल्यासारखं वाटेल. १९१० ला मतदारांनी खुर्चीवरून उतरवलं.

शेवट वाईट झाला. कागद न बघता तासन् तास बोलणारा हा वक्ता, त्याची स्मरणशक्तीच गेली, आपल्याला आठवत नाही हे तो स्वतःच वहीत लिहीत राहिला आणि १९१९ मध्ये ६३ व्या वर्षी गेला.

आता त्याच्या नावाच्या युनिव्हर्सिटीने गुजरातेत गिफ्ट सिटीला कॅम्पस काढलाय. भाच्याने जायच्या आधी इंग्रजीची परीक्षा दिली, हजारो रुपये फी भरून, ऐकून लिहायचा पेपर त्यातही आहेच, पास झाला. त्याला मी सांगितलंय की सुट्टी मिळाली की मिल्डुराला जा, तिथे चॅफीचा जुना पंप जपून ठेवलाय, त्याचा जवळून फोटो काढून पाठव, सक्शनची बाजू नीट दिसली पाहिजे.

चौकट दुरुस्त केलीत तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक, नाशिक