तळमजल्यावरच्या काकूंना, जाहीरपणे

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकते गं" म्हणून उठून जाता. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. आता जा उठून.

लेकीला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. त्या काळात ज्यांनी ज्यांनी मला "पॉझिटिव्ह राहा" म्हणून सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांचा पुन्हा फोन आला नाही. एक नातेवाईक म्हणाल्या, देव अशी मुलं खास आईवडिलांच्याच पदरात घालतो. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मेथी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "घालण्याआधी देवानं जरा चौकशी करायची होती. तुझ्या नवऱ्याला साधा वरणभात लावता येत नाही." कितीतरी दिवसांनी मी खळखळून हसले. (वरणभात आता येतो त्याला. तेही तुमच्यामुळेच.)

तुम्ही मला धीर दिला नाहीत, कामं दिलीत. आधी अपंगत्वाचं सर्टिफिकेट. तुमच्या मुलालाही, दादालाही, ऑटिझमच; पण त्याच्या लहानपणी 1995 चा कायदा होता आणि त्याच्या यादीत ऑटिझमचं नावच नव्हतं, त्यामुळे दादाच्या जुन्या कागदावर भलतंच काहीतरी लिहिलेलं आहे. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आले, त्यात ऑटिझम आला. "आम्हाला मिळालं नाही ते तुला मिळतंय, तर आळस करू नकोस," म्हणालात आणि झेरॉक्सची थप्पी, पाण्याची बाटली आणि लेकीसाठी चुरमुऱ्यांचा डबा हातात ठेवलात. चुरमुऱ्यांनीच ती सकाळ तरून नेली. मग यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मग केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो, हे मला एकाही वेटिंग रूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

पण तुमचं खरं देणं मेट्रोचं.

लेक बोलत नव्हती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. तुम्हीच सुचवलंत, दुपारी गर्दी नसते, तिला वनाजहून मेट्रोत बसव आणि नुसती फिरवून आण. तिला ते सरकते दरवाजे आणि ती घोषणा इतकी आवडली की घरी आल्यावरही दिवसभर "पुढील स्थानक नळ स्टॉप" सुरू. मला रडू यायचं. आई म्हणत नाही, पाणी म्हणत नाही, आणि स्टेशनं म्हणते. ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणत राहणं, याला इकोलेलिया म्हणतात, एवढं स्पीच थेरपिस्टनं सांगितलं होतं, पण मी ते आजाराच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. तुम्ही मात्र आमच्या सोफ्यावर बसून तासभर नुसतं ऐकलंत. मग म्हणालात, "अगं, पाहुणे आले आणि कंटाळा आला की ती 'पुढील स्थानक' म्हणते. आणि बाहेर जायचं असलं की 'दरवाजे उघडतील'. बोलतेय की पोरगी!"

काकू, त्या दिवसापासून आमच्या घरात उत्तरं द्यायला सुरुवात झाली. ती "दरवाजे उघडतील" म्हणाली की आम्ही म्हणायचो, "बाहेर जायचं? चला." जोडीला चित्रांची कार्डं आणली. कार्डांची सवय लागली तर ती बोलायचीच नाही, ही भीती माझ्या सासूबाईंना होती आणि खरं तर मलाही. पण तसं होत नाही हे थेरपिस्टनं समजावलं आणि पुढे लेकीनंच दाखवून दिलं. आता ती "आई, बाहेर" म्हणते. पाहुण्यांसाठी मात्र "पुढील स्थानक" कायम आहे, आणि आम्ही ते बदलायचा प्रयत्नही करत नाही.

गणपतीचंही तसंच. ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की आम्ही दोन महिने खिडक्या लावून बसायचो. महागड्या हेडफोनच्या जाहिराती मी बघत होते, तर तुम्ही बोहरी आळीतून कारखान्यात वापरतात तसले इअरमफ आणून दिलेत आणि म्हणालात, सकाळी सातला मांडवात कुणी नसतं, तेव्हा दर्शन घ्या. गेल्या वर्षी तिनं स्वतः जास्वंदीचं फूल वाहिलं. मिरवणूक अजूनही नाहीच. चालतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही गोड करून सांगितली नाहीत: आपल्यानंतर काय. बाकी सगळे हा विषय आला की "होईल सगळं नीट" म्हणतात. तुम्ही कपाटातून दोनशे पानी वही काढलीत. दादा काय खातो, कुठल्या आवाजाला घाबरतो, कुठला न्हावी चालतो, गोळ्या कुठल्या वेळेला. सोबत 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, तो अठरा वर्षांचा झाल्यावर, स्थानिक समितीकडून करून घेतलेल्या कायदेशीर पालकत्वाचे कागद. "हे लिहून झालं त्या रात्री मी शांत झोपले," एवढंच म्हणालात. मीही वही घातली आहे. लिहिताना पहिली पानं ओली झाली, पुढची नाही झाली. लेकीबद्दल मला इतकं ठाऊक आहे हे लिहायला बसेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. दर रविवारी तुम्ही लेकीला सांभाळता आणि मला सारसबागेकडे हाकलता. येत्या रविवारी हे उलटं होणार आहे. बालगंधर्वला दुपारच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढली आहेत, तुमचं आणि काकांचं. नाही म्हणायची सोय नाही, पैसे भरून झालेत. दादाजवळ मी बसते. साडेचारला चहा, बशीत दोन मारी बिस्किटं, पंखा तीनवर आणि बातम्या लावायच्या नाहीत. वहीत वाचलंय मी.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची