ड्रोन किती ग्रॅमचा हे नंतर, उडवणार कुठे ते आधी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरला की गडांवर, किनाऱ्यांवर आणि गच्च्यांवर ड्रोनची घरघर सुरू होते. त्याबरोबर एक वाक्यही सगळीकडे ऐकू येतं : ‘अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला काही लागत नाही.’ दुकानदार तेच सांगतो, रील्समध्ये तेच असतं आणि बातम्यांतही ते तसंच छापून येतं. हे अर्धसत्य आहे. नवे छंदी लोक अडचणीत येतात ते त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागामुळे. म्हणून हे पत्र, जरा सविस्तर.

देशात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम, २०२१ अधिसूचित झाले. त्यांत वजनाप्रमाणे वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, आणि त्यावर मीडियम व लार्ज. नॅनोला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, प्रकार प्रमाणपत्र (ड्रोनच्या मॉडेललाच मिळणारी मान्यता) लागत नाही, तृतीय पक्ष विमाही सक्तीचा नाही. मायक्रो ड्रोन निव्वळ हौसेसाठी उडवणाऱ्यालाही वैमानिक प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण विमा हवा. नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणं ही मात्र सर्वसाधारण अट आहे आणि तिचं शुल्क फक्त १०० रुपये आहे. इथपर्यंत सवलती. पण कुठे परवानगीशिवाय उडवता येतं आणि कुठे नाही, हे ठरवणाऱ्या आकाशातल्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांना वजनाची सवलत नाही. लाल क्षेत्रात परवानगीशिवाय २४९ ग्रॅमचा ड्रोन आणि २० किलोचा ड्रोन सारखेच बेकायदा. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या २४९ ग्रॅमचंही नीट बघायला हवं. नियमात धरलेलं वजन हे उडताना जे काही अंगावर असेल त्या सगळ्यासकट धरलं जातं. पंख्यांना प्लास्टिकचे गार्ड लावले, कॅमेऱ्यावर फिल्टर चढवला, रात्री दिसावा म्हणून लुकलुकणारा दिवा चिकटवला, की काटा अडीचशेच्या पुढे जातो. जास्त वेळ उडावा म्हणून मोठी बॅटरी घातली, तर काही मॉडेलं थेट २९० ग्रॅमच्या आसपास जातात. मग ड्रोन मायक्रो झाला आणि विमा आला. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर बॅटरी, कार्ड, पंखे आणि गार्ड यांच्यासकट ड्रोन ठेवून बघावा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता क्षेत्रांविषयी. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर देशाचा हवाई नकाशा आहे. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला परवानगी मागावी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा ६० मीटरवर येते. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळं क्षेत्र सुरू होतं आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. महाराष्ट्रात हे सगळं अगदी घराजवळ येतं. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. नाशिकच्या एका बाजूला ओझर, दुसऱ्या बाजूला देवळालीची छावणी. नागपुरात सोनेगाव, कामठी आणि अंबाझरीचा आयुध निर्माणी परिसर. मुंबईत नौदल आणि तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र. गोव्यात दाबोळी हा नौदलाचा तळ आहे आणि उत्तरेला मोपा. तेव्हा ‘मी तर माझ्या सोसायटीच्या मैदानात उडवतो’ एवढं पुरेसं नाही. ते मैदान नकाशावर कोणत्या रंगात आहे, हे घरातून निघण्यापूर्वी बघावं. ड्रोनच्या ॲपमध्ये इशारा आला नाही म्हणून जागा मोकळी आहे असंही समजू नये. ॲपमधला नकाशा कंपनीचा असतो, सरकारचा नव्हे.

सह्याद्रीत १२० मीटरची मर्यादा बहुतेकांकडून नकळत मोडली जाते. रिमोटवर दिसणारी उंची उड्डाण केलं त्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. समजा, ३०० मीटरच्या कड्यावरून ड्रोन ४० मीटर वर नेला आणि दरीवर काढला. रिमोटवर ४० दिसतं, पण ड्रोन दरीच्या तळापासून ३४० मीटरवर असतो. कड्याच्या माथ्यावरच फिरवायचा आणि दरीवर न्यायचा नाही, हा साधा उपाय. उलटी चूक याहून महाग पडते. पायथ्याच्या गावातून ड्रोन वर गडावर नेतात आणि परतीची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप परतताना ज्या उंचीवरून येतो ती, ६० मीटरच ठेवलेली असते. माथा पायथ्यापासून २०० मीटर वर असतो. गडाआड गेल्यावर सिग्नल तुटला की ड्रोन स्वतःहून सरळ रेषेत घराकडे निघतो आणि थेट कातळावर आदळतो. समोरचा अडथळा ओळखणारे सेन्सर सगळ्याच ड्रोनमध्ये नसतात. परतीची उंची टेकऑफच्या जागेपासून मोजून, वाटेतल्या सर्वांत उंच झाडापेक्षा, मनोऱ्यापेक्षा किंवा कड्यापेक्षा किमान १५-२० मीटर जास्त ठेवावी. आणि पायथ्यावरून माथ्याचं चित्रीकरण करूच नये, कारण ड्रोन सतत डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे. हौशी ड्रोनला नियमांत ज्या व्याख्येखाली प्रकार प्रमाणपत्रातून मोकळीक आहे, तीच व्याख्या नजरेच्या टप्प्यातल्या उड्डाणाची आहे. नॅनो आकाराच्या ड्रोनचं तोंड कुठे आहे हे दोन-तीनशे मीटरनंतर कळत नाही.

‘होम पॉइंट’, म्हणजे ड्रोनची आपोआप परतण्याची जागा, नोंदवला गेल्याशिवाय जमीन सोडू नये. उपग्रह पुरेसे मिळण्याआधीच ड्रोन वर घेतला, तर तो जिथे असताना उपग्रह मिळाले ती जागा ‘घर’ ठरते, आणि ती शेजारच्या तळ्यावरही असू शकते.

गच्चीवरून उडवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. स्लॅबमध्ये लोखंडी सळयांची जाळी असते. ड्रोन फरशीवर ठेवला की त्याचा होकायंत्राचा सेन्सर त्या लोखंडाने भरकटतो. तीन-चार मीटर वर गेल्यावर लोखंडाचा प्रभाव सुटतो, दिशा अचानक बदलते आणि ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी वाढत जाणारे गोल घेऊ लागतो. शेवटी तो शेजारच्या इमारतीवर जातो. ‘कॅलिब्रेट करा’ असा इशारा आला म्हणून गच्चीवरच कॅलिब्रेशन केलं, तर चुकीचं लोखंड खरं मानून ठेवलं जातं आणि पुढचं प्रत्येक उड्डाण बिघडतं. कॅलिब्रेशन मोकळ्या मैदानात, मोटारगाड्यांपासून आणि खांबांपासून लांब, खिशातली किल्ली आणि फोन बाजूला ठेवून करावं. गोल सुरू झालेच तर वर नेऊ नका, लांबही नेऊ नका, लगेच उतरवा.

पंख्यांकडे लोक बघत नाहीत. प्रत्येक उड्डाणापूर्वी पात्याच्या कडेवरून नख फिरवावं. नख अडकलं तर पातं बदलावं. केसाएवढ्या खाचेनेही कंपन येतं आणि चित्र जेलीसारखं हलतं. बुडाशी तडा असला तर पातं हवेत निखळतं. बदलताना एकाच मोटरवरची दोन्ही पाती आणि त्यांचे स्क्रू बदलावेत. पात्यांवरच्या खुणा मोटरच्या खुणांशी जुळवाव्यात. डाव्या फिरकीचं पातं उजव्या फिरकीच्या मोटरवर बसलं, तर ड्रोन जमीन सोडतानाच उलटा पडतो. लाल मातीत किंवा वाळूत उड्डाण करताना खाली गाडीतलं रबरी पायपुसणं अंथरावं. पातळ कापड नको, ते उडून पंख्यात जातं. उतरताना ड्रोन हातात झेलू नका, ती पाती बोटं फाडतात.

वाऱ्याचा हिशेब जमिनीवर उभं राहून करता येत नाही. खाली झाडाचं पान हलत नसताना १०० मीटरवर जोराचा वारा असू शकतो आणि कड्याच्या काठाशी तर हवा वरखाली घुसळते. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावं म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो. उलट केलं तर जाताना आठ मिनिटांत गेलेलं अंतर परतताना बॅटरी संपवतं. ३० टक्के उरले की परत फिरावं. डोंगरावरच्या थंड पहाटे बॅटरी अंगाशी खिशात ठेवून उबदार करावी आणि पहिला एक मिनिट डोक्याएवढ्या उंचीवर स्थिर ठेवावा, नाहीतर थंड बॅटरीचा व्होल्टेज अचानक खाली बसतो. संक्रांतीच्या आसपास गावात उडवूच नये. मांजा कॅमेऱ्यात दिसत नाही आणि पंख्याला एक वेढा बसला की ड्रोन दगडासारखा खाली येतो. घार अंगावर आली तर खाली सूर मारू नका. ती वरून झेप घेते, म्हणून सरळ वर चढावं आणि ती लांब गेली की उतरवून तिथलं उड्डाण थांबवावं. ते तिचं घर आहे. कड्यांवरची गिधाडांची घरटी आणि आग्या मोहोळं यांच्या जवळ ड्रोन नेऊच नये. मोहोळ उठलं तर डंख गडावरच्या सगळ्यांनाच बसतात.

साध्या लिथियम बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो, काही ड्रोनच्या बॅटऱ्यांत थोडा जास्त. दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर तो ३.८ च्या आसपास ठेवावा. भरलेली बॅटरी महिनाभर कपाटात ठेवली की ती फुगू शकते. फुगलेली बॅटरी ‘एकदा वापरून बघू’ म्हणून घालू नये, ती चार्ज करणंच थांबवावं आणि ई-कचरा संकलनाकडे द्यावी. चार्जिंग रात्री झोपताना लावू नये, गादीवर किंवा लाकडी टेबलावरही नको. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्यात, टोकांवर चिकटपट्टी लावून. चेक-इन बॅगेत मनाई आहे. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी मंजुरी लागत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास, त्यामुळे ७.७ व्होल्टची २२५० मिलिअँपिअर-तासाची लहान बॅटरी साधारण १७ वॅट-तासांची भरते.

परदेशातल्या भावा-बहिणींकडून ड्रोन मागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची, सुट्या संचाच्या रूपातल्याही, आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा हेच अपवाद. सुटे भाग चालतात, पण सामानातून आणलेला ड्रोन सीमाशुल्क विभाग ठेवून घेऊ शकतो. लग्नाचं चित्रीकरण पैसे घेऊन करणाऱ्यांना हौसेच्या सवलती लागू नाहीत. मायक्रो ड्रोन असला तरी त्यांना मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण आणि वैमानिक प्रमाणपत्र लागतं.

गडांबद्दल एवढंच, की नकाशावरचा हिरवा रंग म्हणजे पुरातत्त्व खात्याची किंवा वन विभागाची परवानगी नव्हे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या आपल्या अकरा दुर्गांवर तर चित्रीकरणाला गर्दी वाढणार. रायगडासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याची, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वन विभागाची लेखी परवानगी आधी हातात हवी.

आता आपल्याकडे एक विनंती. नियमांप्रमाणे तात्पुरतं लाल क्षेत्र एका वेळी ९६ तासांपर्यंत जाहीर करता येतं आणि ते नकाशावर दाखवायचं असतं. पण पोलिसांचे मनाई आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालीही निघतात, म्हणजे जुन्या कलम १४४ प्रमाणे, आणि ते कित्येक आठवडे चालतात. मे-जून २०२५ मध्ये मुंबईत अशी महिनाभराची बंदी होती. सण, यात्रा, निवडणुका, मोठ्या पाहुण्यांचे दौरे अशा वेळी जिल्ह्याजिल्ह्यांत असे आदेश निघतात. नकाशा हिरवा बघून घराबाहेर पडलेल्या माणसाला ते कळतच नाहीत, आणि मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. हे आदेश वृत्तपत्रांकडे प्रसिद्धीपत्रकाने येतात, पण छापताना त्यांची हद्द आणि तारखा गळून ‘ड्रोनला बंदी’ एवढंच उरतं. जिल्ह्याच्या पानावर कुठून कुठपर्यंत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या आदेशाने, या तीन गोष्टी ठळक चौकटीत द्याव्यात. आणि ‘अडीचशे ग्रॅमखाली परवाना नको’ हे वाक्य जेव्हा छापाल, तेव्हा त्याच ओळीत ‘लाल क्षेत्रात कोणत्याही वजनाला मनाई’ हेही छापावं.

कळावे,
आपला,
एक ड्रोनछंदी वाचक, नाशिक