बंड्याचे डोळे

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा तीनदा एकच म्हणाले, "त्याचे डोळे उघडेच होते गं." आई मागून "पुरे आता" म्हणाली आणि विषय बदलला. मलाही तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, बंड्यासारख्या आजारी कुत्र्याला शांतपणे जाऊ द्यायला जे इंजेक्शन देतात, त्यात भुलीचंच औषध असतं, फक्त मात्रा खूप जास्त. आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. सगळं काही मिनिटांत. पापण्या मिटायला स्नायू लागतात. ते सैल पडले की डोळे उघडेच राहतात. नंतर त्याने एक श्वास घेतल्यासारखं तुम्हाला वाटलं ना, तीही स्नायूंची आपोआप होणारी हालचाल. तेव्हा तो तुमच्याकडे बघत नव्हता. बघत होता तो त्याआधी, तुमचा हात त्याच्या कानामागे होता तेव्हा.

आणि "आधी कळायला हवं होतं" हे तर सोडाच. कुत्र्याच्या मूत्रपिंडांचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, बहुधा वाढलेलं दिसतच नाही. त्यात ही जात दुखणं लपवण्यात पटाईत. तो पाणी फार पितोय हे आईनेच हेरलं होतं, आणि "म्हातारा झालाय तो" म्हणून मी हसण्यावारी नेलं होतं. दोषच वाटायचा असेल तर मलाही वाटा द्या. सही तुम्ही केलीत, पण ती माझीही होती, दादाचीही.

आई, तू अजून दारातली ती फरशी ओलांडून जातेस, बाबांनी सांगितलं. चौदा वर्षं तो तिथे आडवा पसरायचा, पायाला सवय लागणारच. ओलांड खुशाल. पण लोक हसतील म्हणून न्हाणीघरात नळ सोडून रडू नकोस. "कुत्राच तर होता" म्हणणारे असतातच. समाज ज्याला दुःख मानायलाच तयार नसतो अशा दुःखाबद्दल केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने 1989 मध्ये आख्खं पुस्तक काढलं. म्हणजे रडणारी तू एकटी नाहीस.

दादा नवं पिल्लू आणा म्हणतोय. त्याचा हेतू चांगला आहे, पण घाई चांगली नाही. पिल्लू बारा-चौदा वर्षं जगतं आणि बाबा आता 74 चे आहेत. हे गणित तुमच्याही मनात आलं असणार, फक्त बोलत नाही आहात. पुढे कधी वाटलंच तर एखादं वयस्क, कुणी सोडून दिलेलं कुत्रं बघू. नाही वाटलं तर नाही.

पट्टा खुंटीवरून काढू नका, मी येईपर्यंत तरी. शनिवारी पोचतेय. बाबा, साडेपाचला जाग येते आणि मग नुसते पडून राहता म्हणे. रविवारी मला उठवा, त्याच्याच वाटेने एक फेरी मारून येऊ. त्या कोपऱ्यावरच्या खांबाशी थांबावं लागलं तर थांबू.

तुमची,
मनू