ब्रेक काढू नकोस, बदल

मिसिसॉगा
9 डिसेंबर

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे फोटो मोठे करून नीट पाहिले. उजव्या स्कीवर, सुटलेल्या स्कीला बर्फात रुतून थांबवणाऱ्या ब्रेकची बाहेरची दांडी वाकली आहे. तिच्या टोकाचं प्लॅस्टिक फुटून तार उघडी पडली आहे. आणि बुटाच्या टाचेखाली जे पेडल दाबलं जातं, त्याला मागच्या कोपऱ्यात चीर गेली आहे. उड्या आणि रेल असलेल्या स्की पार्कातले काही जण ब्रेक काढूनच टाकतात, मीही काढू का, असं तू विचारलंस. नको. झिप टायने वर बांधूनही जाऊ नकोस.

पार्कात सुटलेली स्की कुठे जाते याचा विचार कर. उडीच्या वरच्या अंगाला तू पडलीस तर ती उतारावरून थेट लँडिंगकडे घसरते, आणि उडी मारणाऱ्याला हवेत जाईपर्यंत लँडिंग धड दिसतही नाही. बाइंडिंगसकट, म्हणजे बूट धरून ठेवणाऱ्या भागासकट, तीन किलोच्या आसपास वजन, दोन्ही अंगांना पोलादी धार, आणि थांबवायला काहीच नाही. ब्रेक सर्रास यायच्या आधी, 1970च्या दशकापर्यंत, स्की पट्ट्याने पायाला बांधत असत. पडल्यावर ती पायाभोवती गरगर फिरायची आणि बांधणाऱ्यालाच फोडायची, म्हणून तर पट्टे मागे पडले. गिरक्या घेताना पडणाऱ्या मुलीने त्या पट्ट्याकडे परत वळायचं, हे मला मुळीच मान्य नाही. तेव्हा ब्रेक राहणार. तो टिकेल कसा, एवढंच आपण बघायचं.

मूळ दुखणं रुंदीत आहे. तुझ्या स्कीची कंबर, म्हणजे मधली रुंदी, 92 मिलिमीटर आणि ब्रेक 115चे. म्हणजे 23 मिलिमीटर जास्त, प्रत्येक बाजूला साडेअकरा. दुकानात हाताशी असतील ते ब्रेक लावून देतात आणि जरा मोठा असला तर बिघडत नाही असं सांगतात. सपाट पिस्टवर, म्हणजे सारख्या केलेल्या उतारावर, कदाचित बिघडत नसेल, पार्कात बिघडतं. ब्रेक कंबरेपेक्षा 3 ते 10 मिलिमीटर रुंद असावा, फार तर 15. कंबरेहून अरुंद घेतला तर दांडी स्कीच्या अंगावर घासते, अडकते आणि ऐन वेळी खाली उतरत नाही, तेही नको.

रुंद ब्रेक का तुटतो ते सांगते. बूट आत बसवलास की पेडल खाली जातं, दांड्या मागे आणि वर फिरतात आणि शेवटच्या थोड्या अंतरात आत ओढल्या जाऊन स्कीच्या पाठीवर येतात. ब्रेक फार रुंद असेल तर त्या आत येऊनही कडेच्या बाहेरच राहतात. मग रेलवर, म्हणजे घसरत जायच्या दांड्यावर, पाय जवळ आले आणि एका स्कीची कड दुसरीवर चढली की ती पहिल्यांदा दांडीवर बसते. रेलवरून पाय निसटला की रेलच दांडीला बाजूने ठोकतो. स्विच, म्हणजे पाठमोरी, उतरताना टाचा जवळ येतात तेव्हाही तेच. दांडी बनवलेली असते ती बर्फात रुतून मागेपुढे ओढ सहन करायला. बाजूचा मार सोसायची तिची ताकद फार कमी, कारण लांब दांडीचा सगळा जोर मुळाशी असलेल्या एवढ्याशा प्लॅस्टिकच्या खोबणीवर येतो. तुझ्या फोटोत ती खोबणीही एका बाजूला पांढरट दिसते आहे. प्लॅस्टिक ताणलं गेलं की तसा रंग येतो. ती तुटायच्या वाटेवर आहे.

दुसरा मार टळत नाही. जोरात पडल्यावर स्की सुटते, ब्रेक खाली उतरतो आणि तशीच ती कोलांट्या खात जाते. त्यातली एखादी कोलांटी बरोबर उघड्या दांडीवर येते. हा फटका योग्य रुंदीच्या ब्रेकलाही बसतो. म्हणून फ्रीस्टाइलमध्ये ब्रेक हा झिजणारा, बदलायचा भाग धरायचा आणि एक जोडी कायम घरात ठेवायची.

तिसरा मार मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. स्की तळाला तळ लावून उचलताना दोघींचे ब्रेक एकमेकांत अडकतात. त्यांचा उपयोगही तोच आहे, जोडी घसरत नाही. पण सोडवताना हिसका देऊन बाजूला ओढल्या की दांड्या पिळल्या जातात. आधी एक स्की लांबीच्या दिशेने सरकवायची, ब्रेक मोकळे होतात, मग वेगळ्या करायच्या. रेल पुन्हा करायला चढून वर गेलीस की स्की खाली टाकू नकोस, ठेव. बुटाच्या तळाचा बर्फ ब्रेकच्या दांडीवर घासून काढू नकोस. बसच्या सामानखान्यात दुसऱ्यांच्या बॅगा वर येणार असतील तर स्की उभ्या ठेव.

थंडीचंही बघ. उणे 20 आणि त्याखाली टोकांचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, एरवी नुसता ओरखडा उमटेल अशा टकरीत ते सरळ तुकडा सोडतं. कॅलगरीच्या कॅनडा ऑलिंपिक पार्कात, जिथे 1988च्या ऑलिंपिकमध्ये एरियल्स (हवेतल्या कोलांट्या) प्रदर्शनी खेळ म्हणून झाले, तिथला बर्फ बहुतेक यंत्राचा आणि कडक असतो. गारठ्याच्या सकाळी पहिल्या दोन-चार फेऱ्या मोठ्या रेलवर घालवू नकोस.

आता पेडल. या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि त्रास सगळ्यात जास्त तोच देतो. डोंगराकडून येणारा उबदार चिनूक वारा सुटला की कॅलगरीत दुपारी बर्फ ओला होतो, तो पेडलखाली भरतो आणि संध्याकाळी तिथेच गोठतो. मग बूट बसवताना पेडल पूर्ण खाली जात नाही. त्यातून दोन गोष्टी होतात. टाच नीट न अडकता अडकल्यासारखी वाटते आणि लँडिंगला स्की भलत्या वेळी सुटते. आणि उतरतानाचा सगळा दणका, जो पेडल सपाट टेकलेलं असताना खालच्या पट्टीत जायला हवा, तो बर्फाच्या एका खड्यावर एकवटतो आणि पेडल कोपऱ्यात पिचतं. तुझी चीर मागच्या कोपऱ्यात आहे, तेव्हा मला हेच कारण दिसतं. मागे बसून उतरण्याची सवय असेल तर ती त्यात भर घालते.

यापुढे लँडिंगला टाच सुटली तर लगेच डीआयएनचा, म्हणजे बाइंडिंग किती जोराला सुटावं याचा, आकडा वाढवू नकोस. पार्कात मुलं सर्रास तेच करतात, आणि मग खरोखर सुटायला हवं तेव्हा बाइंडिंग सुटत नाही, गुडघा जातो. आधी बूट काढून पेडलखाली बघ. बर्फ असेल तर प्लॅस्टिकच्या खरवडणीने किंवा जुन्या टूथब्रशने काढ, स्क्रूड्रायव्हरने टोचू नकोस, त्याने पेडलला खाचा पडतात. मग बुटाच्या टाचेचा तळ बघ. साध्या अल्पाइन बुटाची टाच ठरावीक 30 मिलिमीटर जाडीची असते, एक मिलिमीटर इकडेतिकडे. पार्किंगच्या डांबरावर चालून ती झिजली की पेडल पुरतं दाबलं जात नाही आणि दांड्या पूर्ण वर येत नाहीत. टाचेचे तुकडे बहुतेक बुटांत बदलता येतात. त्यानंतर फॉरवर्ड प्रेशरची, म्हणजे टाचेचा भाग बुटाला पुढे किती दाबतो त्याची, खूण आपल्या जागी आहे का ते बघ. हे सगळं ठीक असूनही टाच सुटत असेल तर दुकानात यंत्रावर तपासून घे आणि आकडा त्यांनाच ठरवू दे.

वाकलेली दांडी सरळ करायची का? डाव्या स्कीची आतली दांडीही किंचित बाहेर गेलेली दिसते. वाक गोलसर असेल, एक सेंटिमीटरच्या आत असेल आणि पहिल्यांदाच असेल तर करता येते. नवे ब्रेक येईपर्यंत एवढं करून ठेव. बूट न बसवता, ब्रेक खाली उतरलेला असताना, दांडीच्या मुळाशी खोबणीच्या अगदी जवळ एक पाना घट्ट धर, म्हणजे जोर प्लॅस्टिकवर जाणार नाही. दुसरा पाना वाकाच्या पलीकडे धर, खाली कापड घाल, आणि थोडं थोडं वळव. दर वेळी पेडल अंगठ्याने दाबून दांडी आत कुठे येते ते बघ. तापवायचं अजिबात नाही. पोलादाचा कस जातो आणि शेजारचं प्लॅस्टिक वितळतं. वाक कोपऱ्यासारखा टोकदार असेल, त्यावर केसाएवढी रेघ दिसत असेल किंवा तीच दांडी आधी एकदा सरळ केलेली असेल तर हात लावू नकोस. तशी दांडी थंडीत तुटते आणि तुटलेलं टोक चाकूसारखं राहतं.

उजव्या स्कीचा ब्रेक मात्र दुरुस्तीपलीकडे आहे. फुटलेलं टोक गोंदाने चिकटवून उपयोग नाही, त्या टोकाचा आकारच दांडीला आत सरकवतो आणि बर्फात धरतो. चिरलेलं पेडल एखाद्या दिवशी अर्धं तुटेल आणि तू स्कीवर असतानाच दांडी खाली लोंबेल. ती स्की तोवर वापरू नकोस, पार्कात तर नाहीच.

मागवताना 95चे मागव, तुझ्याच मॉडेलचे आणि त्याच वर्षाच्या आवृत्तीचे. नाव सारखं असून आतला जोड बदललेला असतो, म्हणून टाचेच्या भागाचा आणि खालच्या पट्टीचा फोटो दुकानदाराला आधी दाखव. आणि कंबर छापील आकड्यावर सोडू नकोस, कॅलिपर लावून ब्रेकच्या जागी मोज. एकाच मॉडेलची स्की वेगळ्या लांबीत वेगळ्या रुंदीची निघते. 95 जर अंगाला घासले तर दोन्ही दांड्या सारख्याच, दीड-दोन मिलिमीटर बाहेर वळवता येतात. 115 आत वळवून 95 करायला जाऊ नकोस.

काही बाइंडिंगमध्ये टाचेचा भाग रुळावरून मागे सरकवला की ब्रेक निघतो, काहींत तो भाग स्कीवरून उतरवावा लागतो. तुझ्यात उतरवावा लागेल असं फोटोवरून वाटतं. स्वतः करणार असशील तर पोझिड्राइव्ह 3 नंबरचं टोक वापर. साध्या फिलिप्सने स्क्रूचं डोकं खाल्लं जातं आणि मग तो निघता निघत नाही. स्क्रू कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेव, लांब्या वेगळ्या असतात. परत लावताना आधी उलटं फिरवून जुन्या आट्यांची खटकन जाणीव झाली की मगच आत वळव, भोकात पाण्याला टिकणाऱ्या लाकडी गोंदाचा थेंब टाक, आणि हाताने घट्ट झाला की थांब. यंत्राच्या ड्रिलने आवळलेस तर आटे उपटतात. टाचेचा भाग हलला म्हणजे फॉरवर्ड प्रेशर पुन्हा लावायचं, आणि सुटण्याची चाचणी दुकानात करून घ्यायची. तिचे पैसे वाचवू नकोस, मी पाठवते.

लावून झालं की टेबलावर बघ. बूट बसवून मागून नजर टाक: दोन्ही टोकं स्कीच्या तळाच्या रेषेच्या वर हवीत आणि कडेबाहेर फार डोकवायला नकोत. बूट काढलास की दोन्ही दांड्या एकदमच, फटकन खाली यायला हव्यात. एक मागाहून आली तर स्प्रिंग किंवा खोबणी बघावी लागेल. हे रोज संध्याकाळी अर्ध्या मिनिटात होतं.

मेण लावताना ब्रेक वर धरायला जो रबरी पट्टा लावतेस तो काम झालं की काढ. हंगाम संपेपर्यंत तसाच राहिला तर स्प्रिंग ताणलेलीच राहते. वसंतात पार्कात बर्फ कडक ठेवायला मीठ टाकतात, गाडीच्या टपावर रस्त्याचं मीठ उडतं. साध्या थंड पाण्याने धू, खोलीतल्या हवेत वाळव. जोराच्या फवाऱ्याने आतलं ग्रीस निघून जातं, आणि गंज सोडवायच्या स्प्रेनेही तेच होतं. खोबणीत थोडंसं सिलिकॉन पुरे.

ब्रेकच्या पट्टीखाली कोरलेला क्रमांक आणि कॅलिपरचं माप मला आज रात्री कळव, मी इथूनही चौकशी करते. दोन जोड्या घेऊ या.

तुझी,
आई