तांब्याचं पान कोण घेतं, बाबा

ती. आई-बाबांना,
सा. न.

मागच्या फोनवर बाबांनी विचारलं, "कुंडीत बी टाकलं की जे आपोआप उगवतं, ते तू धातू ठोकून ठोकून कशाला करतेस? आणि पैसे मोजून घेतं तरी कोण?" आई मागून म्हणाली, "अहो, राहू द्या ना, लागेल तिला." आई, मला मुळीच लागलं नाही. प्रदर्शनात स्टॉलसमोरून जाणाऱ्या कित्येकांच्या चेहऱ्यावर हाच प्रश्न असतो, बाबांनी तो सरळ विचारला. फोनवर त्याचं उत्तर अर्धवटच झालं असतं, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

आधी पान कसं होतं ते सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. तांब्याचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यायचा, त्यावर पान आखायचं, पत्र्याच्या कात्रीने कापायचं आणि कड कानशीने घासायची. कडेच्या बाबतीत मी कधीच घाई करत नाही. स्टॉलवर आलेली लहान मुलं सगळ्यात आधी पानालाच हात लावतात. मग पत्रा तापवायचा. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, पण आपल्याला त्याच्या बरंच आधी थांबायचं असतं, मंद लाल झाक दिसली की लगेच. ती झाक भर उजेडात दिसत नाही, म्हणून तापवायच्या कोपऱ्यात मी दिवा मालवून काम करते. तापवल्याने तांबं नरम पडतं आणि नंतर पाण्यात बुडवलं तरी नरमच राहतं. पोलादी पात्याला पाणी दिलं की ते कडक होतं, तसं इथे होत नाही.

नरम झालेलं पान वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवून मागून ठोके द्यायचे, मग त्याला पोट येतं. बोथट छिन्नीने शिरा उठवायच्या. ठोके बसतील तसा पत्रा पुन्हा ताठर होत जातो, आणि हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. नरम पत्र्याचा आवाज बसका असतो, ताठरला की खणखणीत होतो. तसा आवाज आला की परत तापवायचं, नाहीतर शिरेच्या कडेने चीर जाते. देठाची काडी ब्रेझिंगने, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांध्यात भरून, जोडायची तर 450 अंशांच्या वर तापवावं लागतं, त्यामुळे जोडाजवळचं पान पुन्हा नरम पडतं. म्हणून देठ आधी आणि शेवटचे ठोके नंतर. त्या शेवटच्या ठोक्यांनी आलेल्या ताठरपणावरच एवढंसं पातळ पान आपला बाक धरून राहतं.

हे झालं हाताचं काम. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्याही आधी सुरू होतं, पान बघण्यात. गिंको नावाचं एक झाड आहे, पंख्याच्या आकाराच्या पानांचं. त्याच्या पानाला मधली शीर नसते. देठातून शिरा निघतात आणि पुढे जाताना त्यांना पुन्हा पुन्हा दोन दोन फाटे फुटतात. मधोमध एक ठळक शीर ओढली तर पान सुंदर होईल, पण ते गिंको राहणार नाही. किंवा पानांची मांडणी बघा. पुष्कळ झाडांत खोडावर एका पानानंतरचं दुसरं पान साधारण 137.5 अंश फिरून येतं, त्यामुळे वरचं पान खालच्याच्या बरोब्बर डोक्यावर येत नाही. अशा झाडाचे देठ जोडताना मी कोनमापक घेऊन बसते. अंदाजाने जोडले तर बघणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण त्याचे पाय स्टॉलपाशी थांबत नाहीत. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट (1865–1932) नावाचे एक शिक्षक होऊन गेले. तरुणपणी त्यांनी लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केली, पुढे बर्लिनला कलाविद्यार्थ्यांना शिकवलं. आकार निसर्गात कसे घडतात हे विद्यार्थ्यांना दिसावं म्हणून ते कोंब, कळ्या, सुकलेले देठ कित्येक पट मोठे दिसतील असे फोटो काढत. त्या फोटोंतले नेच्याचे (फर्नचे) गुंडाळलेले कोंब पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते घडीव लोखंडाचेच वाटले. झाडं आणि धातू ही दोन टोकं आहेत असं तुम्हाला वाटतं ना, ते माझ्या मनातून त्या फोटोंनी कायमचं काढून टाकलं.

खरं पानच धातूत उतरवायच्याही रीती आहेत. सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गचे सोनार वेन्झेल याम्नित्झर (1508–1585) खऱ्या वनस्पतींवरून आणि छोट्या प्राण्यांवरून साचे करून ते चांदीत ओतत. अलीकडे फ्रान्सच्या शिल्पकार क्लोद लालान (1925–2019) खऱ्या पानांवर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवत. दोघांचंही काम मला अतिशय आवडतं. पण मी हातोडीच धरली, कारण साच्यात पान जसंच्या तसं आपोआप येतं, आणि ठोकून करताना ते आधी समजून घ्यावं लागतं. मला त्या समजून घेण्याचीच ओढ आहे.

आता घेतं कोण ते सांगते. मागे एका प्रदर्शनात मी तांब्याचा नेचा ठेवला होता. एक वयस्कर गृहस्थ आले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग बोट न लावता खालून वर दाखवत गेले: खालची पानं पूर्ण उघडलेली, मधली अर्धी आणि टोक अजून गुंडाळलेलं. म्हणाले, "बरोबर आहे. नेचा खालून उलगडत येतो, टोक सगळ्यात शेवटी." त्यांचं आयुष्य बागकामात गेलं होतं, आता गुडघे वाकत नाहीत म्हणून बाग सुटली. त्यांनी नेचा घेतला. किंमत विचारली, पण घासाघीस केली नाही. बाबा, असे लोक घेतात. आपण वर्षानुवर्षं जे पाहिलं ते दुसऱ्यानेही तितक्याच मन लावून पाहिलंय, हे ज्याला ओळखू येतं तो घेतो. कुंडीतला नेचा चार दिवसांत पूर्ण उलगडून मोकळा होतो. अर्धवट उलगडलेला, अजून काहीतरी व्हायचं आहे असा नेचा फक्त तांब्यातच थांबतो. शोभेची वस्तू हवी असलेलेही येतात आणि तेही मला हवेत, त्यांच्यावर घर चालतं. पण काम कुणासाठी करते असं विचाराल तर त्या गृहस्थांसाठी.

पैशाचंही लिहिते, कारण आई विचारत नाही पण रात्री त्याचा विचार करते हे मला माहीत आहे. चांगल्या प्रदर्शनात जागा मागून मिळत नाही. कित्येक महिने आधी कामाचे फोटो पाठवायचे, स्टॉल कसा लावता त्याचाही फोटो द्यायचा, मग निवड समिती ठरवते. जागेचं भाडं आगाऊ भरायचं असतं आणि काही विकलं गेलं नाही तरी ते परत येत नाही. त्यामुळे किंमत लावताना पत्रा, गॅस, माझे तास, भाडं, ने-आण असं सगळं धरते आणि एकदा लावलेली किंमत शेवटच्या संध्याकाळीही उतरवत नाही. सकाळी पूर्ण किंमत देऊन गेलेल्या माणसाशी ती फसवणूक होईल. ज्यांना मोठं काम परवडत नाही त्यांच्यासाठी एकेक पान, एकेक कळी वेगळी ठेवते, तीही तितक्याच काळजीने केलेली. स्टॉलवरची विक्री कमी-जास्त होते, पण नंतर घरी येऊन आपल्या आवडीचं झाड करून मागणारे वाढत चालले आहेत, आणि त्यात अर्धी रक्कम मी आधी घेते. चैन होत नाही. नीट चालतं. कर्ज नाही. बाबा, हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

आईची दुसरी काळजी धूर आणि डोळ्यांची. ती रास्त आहे, म्हणून थातुरमातुर सांगून समजूत काढत नाही. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड मी तापवतच नाही. जस्त 907 अंशांना उकळतं, आणि त्याचा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पितळेतही जस्त असतं, म्हणून ते तापवताना दार-खिडक्या उघड्या आणि धूर ओढून घेणारा पंखा चालू. पानांना निळा-हिरवा रंग आणायला बंद डब्यात मीठ आणि अमोनियाची वाफ देते, तो डबा घराबाहेर उघडते. चष्मा, हातमोजे, सुती कपडे, केस बांधलेले. उजव्या मनगटाला रोज आराम देते आणि हातोड्या वजनाने हलक्या घेतल्या आहेत. एवढं पाळलं तर हे काम पुष्कळ वर्षं करता येतं, आणि मला ते पुष्कळ वर्षं करायचं आहे.

तुमच्यासाठी एक गिंकोची फांदी पाठवली आहे, पत्रानंतर पोहोचेल. पेटीतून काढताना पानांना धरू नका, खालच्या जड बैठकीला धरून उचला. आई, ती काळवंडली म्हणून आंबट काही लावून घासू नकोस, कृपा कर. तो तपकिरी रंग मी मुद्दाम चढवला आहे आणि वर मेणाचा हात दिला आहे. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकली की पुरे. बाहेर ठेवलीत तर ती सावकाश हिरवी होत जाईल, आणि तीही खराबी समजू नका. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा असाच ठोकून घडवलेल्या, जेमतेम 2.4 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचा आहे. 1886 साली उभा राहिला तेव्हा तो तांब्याच्याच रंगाचा होता. पुढच्या काही दशकांत तो हिरवा होत गेला, आणि तो हिरवा थरच आतलं तांबं सांभाळतो.

पुढच्या प्रदर्शनाला तुम्ही दोघांनी यावं असं फार मनात आहे. स्टॉल दहा बाय दहा फुटांचाच असतो, पण मागे दोन खुर्च्या सावलीत बसतात. बाबा, तुम्ही गिऱ्हाइकांशी बोलू नका म्हटलं तरी बोलालच, तर खुशाल बोला. तुमचा प्रश्न त्यांनाच विचारा आणि ते काय सांगतात ते ऐका.

आणि एक काम आहे. मी आता कृष्णकमळाचा वेल करायला घेतला आहे आणि त्याच्या ताण्यांशी अडले आहे. ताण्याचं टोक आधाराला घट्ट पकडलं की तो मधून वळायला लागतो, पण सबंध एकाच दिशेने वळू शकत नाही. अर्धा एकीकडे वळतो, अर्धा उलटा, आणि मध्ये एक सरळ तुकडा राहतो. डार्विननेही हे निरखून लिहून ठेवलं आहे. मला तो मधला सरळ तुकडा किती लांब असतो आणि दोन्ही बाजूंना वेढे किती पडतात ते बघायचंय. आई, तुझ्या वेलाच्या जुन्या, घट्ट झालेल्या ताण्यांचे जवळून फोटो काढ, बाबा शेजारी पट्टी धरतील. एकाच ताण्याचे नकोत, पाच-सहा वेगवेगळे हवेत, आणि सकाळच्या उजेडात काढ म्हणजे वळण स्पष्ट येईल.

तुमची,
लेक