ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतले एक आजोबा शाळेपासूनच्या दोस्ताच्या मातीला जाऊ शकले नाहीत, का तर त्यांना कळलंच नाही. दोघांची वाडी वेगळी पण पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा परिसर, एकच. मेसेज पॅरिशच्या व्हॉट्सअप ग्रुपवर सकाळीच आला होता, पण आजोबांकडे बटणाचा फोन, आणि सुनेने बघितला तेव्हा वर गुलाबाची फुलं, बायबलची वचनं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, या सगळ्याच्या खाली ती ओळ गाडली गेलेली.

मी वसईचा, त्यामुळे वसईपुरतंच बोलतो. आमच्याकडे पूर्वी कुणी गेलं की चर्चची घंटा सावकाश वाजायची, शेतातला माणूस थांबून विचारायचा कोण गेलं. लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये वाचली जायची, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून, आणि त्यातूनच अर्ध्या वसईला कळायचं कुणाची पोरगी कुठे दिली ते! शिवाय घरोघरी 'सुवार्ता' मासिक यायचं, फादर दिब्रिटो १९८३ ते २००७ संपादक होते तेव्हा तर पाणी, झाडं, राजकारण सगळ्यावर त्यात वाचायला मिळायचं, नुसत्या चर्चच्या बातम्या नव्हत्या.

आता व्हॉट्सअप नको असं मी म्हणत नाही हां. नायगाव, वसई रोडला नव्या बिल्डिंगांमध्ये मुंबईहून, मंगलोर-केरळहून आलेली कितीतरी कॅथलिक कुटुंबं आहेत, त्यांना ना वाडी ना आळी, त्यांना मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची, वेळ फोनवरच कळणार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप होतं तेव्हा युट्यूबवरच्या मिस्साने आमच्यासारख्यांना धरून ठेवलं, आणि गल्फमधली पोरं आजही गावचा सण त्यावरच बघतात. प्रॉब्लेम एवढाच की ग्रुप आल्यापासून बाकीचं सगळं हळूहळू बंद पडलंय. मिस्सा संपल्यावरच्या सूचना आता "डिटेल्स ग्रुपवर टाकलेत" एवढ्यावर आटोपतात, नोटीस बोर्डवर गेल्या वर्षीच्या पिकनिकचा कागद अजून तसाच, आणि वाडीतल्या समूहाच्या, म्हणजे शेजारच्या घरांच्या चर्चच्या गटाच्या, बैठकीला तीच ती चार डोकी.

माझं म्हणणं साधं आहे. मयताच्या बातमीसाठी वेगळा ग्रुप करा, त्यात फक्त ॲडमिनने लिहायचं, हात जोडल्याच्या इमोजी नकोत. घंटा पुन्हा वाजवा, तिला रेंज लागत नाही. आणि प्रत्येक समूहाच्या प्रमुखाकडे एक कागद असू द्या, कुठल्या घरात स्मार्टफोन नाही, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाची मुलं परदेशात आहेत, तिथे त्याने स्वतः जाऊन किंवा पोराला सायकलवर पाठवून सांगायचं. आजारी माणसाला कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, द्यायला कुणीतरी जातंच ना घरी, मग त्यांनीच आठवड्याच्या चार बातम्या पण सांगितल्या तर काय बिघडलं? उलट अंथरुणावरच्या एखाद्या म्हातारीला बातमीपेक्षा सांगणारा दहा मिनिटं बसला याचंच जास्त बरं वाटेल.

येत्या रविवारी पॅरिश कौन्सिलची मीटिंग आहे, तिथे हे मांडणारच आहे. मीटिंगची नोटीस अर्थात ग्रुपवरच आलीये.

- एक पॅरिशकर, वसई