‘रेस’ वाढवून दोष झाकू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पंधरा-वीस वर्षे वापरलेली पेट्रोल मोटार नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी असताना झोके खाऊ लागली, की पुण्यातील अनेक गॅरेजांत तिच्यावर एकच उपाय होतो. आयडलिंगचा (गाडी उभी असताना इंजिन ज्या चालीने चालते तिचा) स्क्रू थोडा फिरवून ‘रेस’, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची गती, वाढवून दिली जाते. गाडी बंद पडायची थांबते आणि मालक खूश होतो. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो आणि प्रत्येक सिग्नलला जास्तीचे पेट्रोल जळत राहते. ही पद्धत थांबायची असेल, तर मालकानेच दोन-चार प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

गरम झालेले इंजिन साधारणपणे मिनिटाला ७५० ते ९०० फेऱ्यांवर स्थिर चालावे. ते कशा तऱ्हेने अस्थिर होते, याकडे नीट कान दिला तर बरेचसे निदान तिथेच होते. रेस ठरावीक लयीत चढत-उतरत असेल, तर पहिला संशय कुठून तरी आत शिरणाऱ्या जादा हवेवर घ्यावा. लय नसलेला, मधूनच बसणारा धक्का असेल, ज्याला मेकॅनिक ‘मिसिंग’ म्हणतात, तर ठिणगी पाडणारे प्लग, प्लगच्या वायरी आणि कॉइल पाहावी. इंजिनाचा आवाज एकसारखा असूनही स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुधा फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर टेकवलेले असते ते, रबर दबून बसलेले असते. त्यासाठी ट्यूनिंगचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

जुन्या गाडीत हवेचा दोष फार आढळतो. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला, जोडलेले व्हॅक्यूमचे (हवा ओढून घेणारे) रबरी पाइप बॉनेटखालच्या उष्णतेने कडक होतात. वरून पाइप धडधाकट दिसतो, पण धातूच्या तोटीवर तो जिथे चढवलेला असतो, तिथे नखाएवढी चीर पडलेली असते आणि कान जवळ नेला तर बारीक फुसफुस ऐकू येते. या चिरेतून शिरणारी हवा थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेला, वळसा घालून इंजिनात जाते. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यामुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) इंजिन गुदमरते. इंजेक्शनच्या गाडीत प्रकार वेगळा घडू शकतो : जादा हवेमुळे फेरे वाढतात, थ्रॉटल बंद असताना फेरे एवढे का, असे समजून इंजिन सांभाळणारा संगणक पेट्रोल तोडतो, फेरे पडताच पुन्हा सोडतो, आणि हे चक्र चालू राहते. तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. इंजिन चालू ठेवून, पंखा आणि पट्ट्यापासून हात जपून, एकेक पाइप कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबावा. ज्याला दाबल्यावर रेस एकदम बदलते, तो आधी काढून पाहावा. ब्रेकच्या बूस्टरकडे (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या डब्याकडे) जाणारा जाड पाइप यात विसरू नये. असा पाइप नाना पेठेतील स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत किरकोळ किमतीत मिळतो, आणि कदाचित म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

पाइप धड असतील, तर थ्रॉटल बॉडी आणि आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह कार्बनने चिकटला आहे का, ते पाहावे. साफसफाईनंतर किंवा बॅटरी काढून जोडल्यावर काही गाड्या थोडा वेळ अस्थिर चालतात, कारण संगणक आयडलिंग नव्याने शिकत असतो. तेवढ्यात घाबरून सेन्सर बदलायला निघू नये.

आणखी एक साधन आपल्या सर्वांच्या गाडीत असते, पण ते फक्त पोलिसांना दाखवण्यापुरते. जुन्या पेट्रोल मोटारीची पीयूसी (धूर-प्रदूषणाची) चाचणी इंजिन आयडलिंगवर ठेवूनच होते, आणि प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी व हायड्रोकार्बनचा आकडा छापलेला असतो. भारत स्टेज २ (गाड्यांच्या धुराच्या सरकारी मानकांचा एक टप्पा) च्या आधीच्या चारचाकींना ३ टक्के, तर स्टेज २ व ३ च्या गाड्यांना ०.५ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. पण पास-नापास याहून अधिक काही हे आकडे सांगतात. मोनॉक्साइड जास्त असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भरमसाट असेल, तर कुठेतरी पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे, म्हणजे मिसिंग किंवा फाजील हवा. दर खेपेची प्रमाणपत्रे जपून ठेवली, तर आकडा केव्हा चढू लागला हेही कळते. अर्थात चाचणीयंत्राची नळी सायलेन्सरमध्ये नीट आत न घालता घेतलेल्या आकड्यांवर विसंबण्यात काही हशील नाही.

हल्ली सगळे खापर इथेनॉलवर फोडण्याची पद्धत पडली आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण काहीसे पातळ होते आणि जुन्या रबरालाही ते मानवत नाही, हे खरे. परंतु तडकलेला पाइप तसाच ठेवून पेट्रोलला नावे ठेवण्याने गाडी सुधारत नाही.

तेव्हा पीयूसी केंद्रांनी दोन्ही आकडे मालकाला समजावून द्यावेत, गॅरेजांनी स्क्रूला हात लावण्यापूर्वी पाइप तपासावेत आणि बदललेला जुना भाग मालकाच्या हाती परत द्यावा, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे